जुनी जिप्सी घ्यावी काय?

चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळणारी मोटार म्हटली की बेळगावच्या तरुणांच्या डोळ्यांपुढे जिप्सी उभी राहते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात असल्याने लष्करी हिरव्या रंगाची जिप्सी पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. हौसेने ती घेणारेही पुष्कळ आहेत. परंतु हौस वेगळी आणि गरज वेगळी. या दोहोंतील अंतर मोजण्याचे काम माझ्या मामांनी यंदा माझ्यावर सोपविले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. हिशेबाची थोडी सवय आहे. यंत्राची बाजू समजून घेण्यासाठी ओळखीच्या दोन मेकॅनिकांकडे जाऊन बसलो. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम गरज काय ती सांगतो. मामांचे घर जांबोटीच्या पुढे, बेळगावपासून ३६ किलोमीटरवर आहे. त्यांतील शेवटचे ३ किलोमीटर तांबड्या मातीची वाट. आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावला आणावे लागते. ही फेरी पाऊस आहे म्हणून पुढे ढकलता येत नाही. पावसाळ्यात साधी मोटार त्या वाटेवर रुतते. म्हणून मामांच्या मनात जिप्सी आली. नवी चारचाकी-जोडीची गाडी आवाक्याबाहेरची, तेव्हा जुनीच घेणे भाग होते.

जिप्सी १९८५ साली बाजारात आली, ती ९७० सी.सी.चे पेट्रोल इंजिन घेऊन. १९९६ मध्ये १३०० सी.सी.ची 'किंग' आली. पुढे २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. म्हणजे आज मिळेल ती प्रत्येक जिप्सी जुनीच असणार. वजनाला हलकी आणि रचनेने साधी ही तिची जमेची बाजू. पाट्यांची सस्पेन्शन आणि मागची समोरासमोरची बाके रुग्णाला सोयीची नाहीत, ही दुसरी बाजू. आजीला पुढच्या आसनावरच बसवावे लागेल आणि चढायला पायाखाली एक पाट ठेवावा लागेल.

आता चारचाकी-जोड म्हणजे काय ते पाहू. डांबरी रस्त्यावर जिप्सीची फक्त मागची चाके ओढतात. दुसरा दांडा ओढला की पुढची चाकेही जोडली जातात. वळण घेताना चारही चाके सारखे अंतर कापीत नाहीत. डाव्या-उजव्या चाकांतील फरक डिफरन्शियल सांभाळते. परंतु पुढच्या व मागच्या चाकांतील फरक सांभाळणारे काहीच या गाडीत नाही. चिखलात चाके किंचित घसरतात आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर तो ताण गिअरांवर व टायरांवर पडतो. म्हणून ही जोड कोरड्या पक्क्या रस्त्यावर लावायची नसते. याच दांड्याने लो गिअर पडतो. त्यात गाडी धीमी पण जोरकस चालते आणि उतारावर इंजिनच तिला रोखून धरते.

मात्र चार चाके ओढतात म्हणजे गाडी कोठेही जाते, हा समज खरा नाही. पुढचे एक आणि मागचे एक चाक अधांतरी झाले, तर तीच दोन चाके गरगरतात आणि गाडी जागीच राहते. टायर गुळगुळीत असतील तर जोड असून नसल्यासारखी. ब्रेक लागण्याच्या बाबतीत तर ती इतर मोटारींपेक्षा कणभरही श्रेष्ठ नाही.

जुनी गाडी पाहण्याची रीत मेकॅनिकांनी मला अशी सांगितली. गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन गार असल्याची खात्री हाताने करावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन पुष्कळ दोष लपविते. निळसर धूर निघाला तर ऑइल जळते आहे असे समजावे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. मग खाली उताणे पडून चेसिस पाहावी. रंग नवा असला तरी जोडकामाचा फुगवटा बोटाला लागतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा पत्रा विशेष तपासावा. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूस ऑइल गळते का, स्टिअरिंग थरथरते का हे पाहावे. शेवटी मऊ मातीवर नेऊन चारचाकी-जोड आणि लो गिअर दोन्ही लावून पाहावेत. 'जोड चालते' हे विकणाऱ्याचे बोलणे झाले. पुढची चाके माती उडवितात का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

पेट्रोलविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या जिल्ह्यात उसाचे कारखाने आहेत आणि त्यांतील काहींत इथेनॉलही तयार होते. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. म्हणून जुनी गाडी घेतल्यावर त्या बदलण्याचा खर्च किमतीतच धरावा.

आपल्या सीमाभागात कागदांचा प्रश्न अधिक नाजूक. एकाच चौकात के.ए. २२, एम.एच. ०९ आणि गोव्याच्या गाड्या उभ्या दिसतात. परराज्यातील गाडी स्वस्त वाटते. परंतु १२ महिन्यांहून अधिक काळ ती कर्नाटकात ठेवायची तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणून येथे नवी नोंदणी करावी लागते आणि येथला करही भरावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. आर.सी.वरील इंजिन व चेसिसचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. लष्कराच्या लिलावातील गाडी असेल तर लिलावाचे मूळ कागद मागावेत. मूळ रचनेत मनमानी बदल केलेली गाडी तपासणीत अडते.

आता हिशेब. आठवड्याला दोन, म्हणजे वर्षाला सुमारे १०० फेऱ्या. प्रत्येकी ७२ किलोमीटर. एकूण ७,२०० किलोमीटर. जिप्सी लिटरला १० किलोमीटर देईल असे धरले तर ७२० लिटर. लहान मोटार १८ देईल असे धरले तर ४०० लिटर. लिटरला केवळ १०० रुपये धरले तरी वर्षाला ३२,००० रुपयांचा फरक पडतो. उलट, वाट खरोखर चिखलाची असते ती चार महिने; त्या काळातील फेऱ्या अवघ्या ३४. म्हणजे या प्रत्येक फेरीसाठी पेट्रोलचेच साडेनऊशे रुपये जास्तीचे मोजायचे!

हे पाहून मी मामांना सुचविले, की साधी मोटार घ्यावी आणि पावसाळ्याचे चार महिने आजीसाठी बेळगावात खोली घ्यावी. आकड्यांत हे बसतही होते. मामा म्हणाले, "बाळा, हिशेब बरोबर आहे. पण तिला विचार." आजीला विचारले. ती म्हणाली, "दोन दिवस सुया टोचून घेते, बाकीचे पाच दिवस माझ्या ओटीवर बसू दे." माझ्या वहीत या ओटीला रकाना नव्हता.

तेव्हा जिप्सी घ्यायची हे ठरले. मात्र अटी घालून. पहिली पाहिलेली गाडी चेसिसला जोड आढळल्याने सोडून दिली. दुसरी एम.एच. ०९ ची, अंगाने निरोगी आहे. मागणी साडेतीन लाखांची. तिचा ना-हरकत दाखला हाती येईपर्यंत विसार द्यायचा नाही, आणि नळ्या, टायर व ब्रेक यांसाठी ६०,००० रुपये वेगळे काढून ठेवायचे, असे मामांनी ठरविले आहे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होऊ नये, एवढीच काळजी.

अशी गाडी घेऊ पाहणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की किंमत विचारण्याआधी एक कागद घ्यावा आणि वर्षातून किती दिवस आपल्याला चारही चाके लागणार, ते लिहावे. ते दिवस कोणासाठी लागणार, हेही त्यापुढे लिहावे. दुसरा रकाना कोरा राहिला, तर साधी मोटार बरी. आमच्या कागदावर तो भरलेला आहे. आता मिरगाच्या आत दाखला यावा, म्हणजे झाले.