स्क्रू विरघळला, म्हणजे नेमकं काय झालं?

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या विद्यापीठ रुग्णालयात १९८०च्या दशकात काही रुग्णांची मोडलेली गालाची हाडं धातूऐवजी पॉलीलॅक्टाइड या पॉलिमरच्या पट्ट्या आणि स्क्रू लावून बसवली गेली. हाडं छान जुळली. पट्टी आपोआप जिरणार, म्हणजे ती काढायला पुन्हा टेबलावर झोपायला नको, यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. पण तीनेक वर्षांनी त्यांतले काही जण परत आले. पट्टी बसवलेल्या जागी सूज आली होती. तो भाग उघडला तेव्हा आत पॉलिमरचे बारीक स्फटिक सापडले. पाच वर्षं उलटलेल्या रुग्णांमध्येही ते शिल्लक होते.

पट्टीने तिचं काम चोख केलं होतं. चुकला होता तो तिच्या जाण्याचा हिशेब.

पॉलीलॅक्टाइडच्या लांबलचक रेणुसाखळ्या शरीरातलं पाणी तोडतं. पाणी आत झिरपतं, साखळीतले एस्टर बंध तुटतात, तुकडे आखूड होत जातात आणि शेवटी लॅक्टिक आम्ल उरतं. त्याचं पुढे काय करायचं हे शरीराला ठाऊक असतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. मात्र या प्रवासात आधी रेणुभार घसरतो, मग ताकद जाते आणि सर्वांत शेवटी वजन. वाळवी लागलेली चौकट जशी बाहेरून शाबूत दिसते, तशीच ही पट्टी बरेच दिवस दिसायला आणि वजनाला जवळपास पूर्वीइतकीच असते.

ऑपरेशननंतरचे विरघळणारे टाके बहुतेकांच्या परिचयाचे असतात. त्यांतला व्हिक्रिलचा धागा जेमतेम तीन आठवड्यांत निम्मी ताकद गमावतो, पण तो पूर्ण जिरायला ५६ ते ७० दिवस लागतात. सर्जनच्या दृष्टीने पहिला आकडा जास्त महत्त्वाचा, कारण जखम तोवर धरली पाहिजे. ग्रोनिंगनच्या रुग्णांना भोवला तो दुसरा.

म्हणून प्रयोगशाळेत एकट्या तराजूवर भागत नाही. नमुने ३७ अंश तापमानाच्या, ७.४ पीएचच्या खारट द्रावणात बुडवून ठेवतात. ठरावीक दिवसांनी एकेक बाहेर काढून वाळवतात, वजन करतात, ओढून किंवा वाकवून त्याची ताकद बघतात. त्याचा काही भाग विरघळवून सच्छिद्र कणांनी भरलेल्या नळीतून सोडतात. मोठे रेणू छिद्रांत न शिरता लवकर बाहेर पडतात, लहान रेणू आत रेंगाळतात. त्यावरून रेणुभार कळतो. वजनाचा काटा जागचा हललेला नसताना ही नळी मोडतोड सुरू झाल्याचं सांगते.

फ्रान्समधल्या माँपेलिए इथे मिशेल व्हेर आणि सहकाऱ्यांना याच मोजमापांत एक उफराटी गोष्ट दिसली. जाड तुकडा आधी आतून कुजतो. आत तयार झालेलं आम्ल बाहेर पडू शकत नाही आणि तेच पुढच्या बंधांची तोडफोड वेगाने करतं. त्यामुळे पातळ पापुद्रा टिकतो आणि जाड तुकडा पोकळ होतो. पातळ नमुन्यावरून जाड स्क्रूचं आयुष्य ठरवणं म्हणूनच धोक्याचं.

वर्षानुवर्षं थांबायला वेळ कुणाला? मग तापमान वाढवून प्रक्रिया पळवतात. तिथेही मेख आहे: साठ-पासष्ट अंशांच्या पुढे हे पॉलिमर कडक न राहता मऊ पडतं आणि त्याचं वागणंच बदलतं. सत्तर अंशांवर मिळालेला आकडा शरीराच्या तापमानाला सरळ लावता येत नाही.

हृदयाच्या धमनीत तर नुसतं पाहणंही अवघड. पॉलिमर क्ष-किरणांत दिसत नाही, म्हणून ॲबट कंपनीच्या ‘ॲब्सॉर्ब’ या विरघळणाऱ्या स्टेंटच्या टोकांना प्लॅटिनमचे बारीक मणी बसवलेले असत. धमनीच्या आतून प्रकाशकिरणांनी चित्र घेण्याची ओसीटी नावाची पद्धत आहे. तिच्यात स्टेंटच्या काड्या काळ्या चौकोनांसारख्या दिसतात. डुकरांवरच्या अभ्यासात दोन वर्षांनीही बहुतेक चौकोन जागच्या जागी होते. ऊतींची आणि रेणुभाराची तपासणी केल्यावर मात्र कळलं की तिथलं पॉलिमर बऱ्याच अंशी गेलं होतं आणि त्याची जागा शरीराच्याच द्रव्याने घेतली होती. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष चित्रावर भिस्त ठेवणाऱ्यांना चांगलाच झोंबला असणार.

‘ॲब्सॉर्ब’ला जुलै २०१६मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि सप्टेंबर २०१७मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. धातूच्या स्टेंटच्या तुलनेत त्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण जास्त आढळलं होतं. काड्या जाड होत्या, सुमारे १५० मायक्रॉनच्या. शिवाय उशिरा गुठळी झालेल्या अनेक रुग्णांमध्ये सांगाडा मोडून त्याचे तुकडे रक्तप्रवाहाच्या वाटेत आलेले दिसले. धमनीच्या भिंतीत काडी नीट झाकली जाण्याआधीच सांगाडा सुटा झाला, तर जिरण्याचा गुणच अंगाशी येतो.

गुजरातमधल्या वापीच्या मेरिल कंपनीने आपल्या ‘मेरेस १००’ या स्टेंटच्या काड्या १०० मायक्रॉनपर्यंत खाली आणल्या. बारीक काडीभोवती रक्त कमी घुटमळतं, पण तिने धमनी उघडी धरण्याइतकी ताकद किती महिने राखायची आणि त्यानंतर किती दिवसांत नाहीसं व्हायचं, याचं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं.