बेरेनिकेची बट, क्लिओपात्राचा शेरा

अथेन्सच्या स्त्रीला एका मेडिम्नॉसपेक्षा, म्हणजे साधारण ५२ लिटर जवापेक्षा, जास्त किमतीचा व्यवहार स्वतःच्या नावाने करता येत नसे. त्यापुढच्या कराराला तिचा ‘कीरिओस’ लागे. कीरिओस म्हणजे कायद्याने ठरलेला पुरुष पालक: आधी बाप, मग नवरा, ते नसले तर भाऊ नाहीतर मुलगा. मनुस्मृती ऐकून माहीत असलेल्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. नाईलकाठची स्त्री मात्र अशा पालकाशिवाय जमीन घेई, कर्ज देई, न्यायालयात उभी राही आणि काडीमोडही मागे. इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने इजिप्त घेतला. पुढे त्याचा सेनापती टॉलेमी तिथला राजा झाला आणि हे दोन कायदे एकाच देशात शेजारी नांदू लागले.

त्याचा परिणाम पॅथिरिस गावच्या अपोलोनियाच्या कागदपत्रांत दिसतो. तिचे दुसरे, इजिप्शियन नाव सेनमोन्थिस. इ.स.पू. १५० च्या सुमारास तिचे लग्न द्रिटॉन नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याशी झाले. तिला पाच मुली होत्या, आणि ती धान्य व पैसे उसने देण्याचा व्यवहार करी. करार ग्रीक भाषेत असला की नवरा तिचा कीरिओस म्हणून हजर. तोच डेमोटिक या इजिप्शियन लिपीत असला की ती एकटीच.

राजवाड्यातल्या स्त्रियांनी याच दुपदरी व्यवस्थेचा फायदा उठवला. पहिली मोठी राणी दुसरी आर्सिनोई. ती पहिल्या टॉलेमीची मुलगी. तिचा पहिला नवरा थ्रेसचा राजा लायसिमॅकस लढाईत पडला. नंतर तिने सावत्र भावाशी लग्न केले, तर त्याने तिच्या दोन धाकट्या मुलांना ठार मारले. ती माहेरी इजिप्तला परतली आणि सख्ख्या भावाशी, दुसऱ्या टॉलेमीशी विवाहबद्ध झाली. ग्रीकांना हे किळसवाणे वाटले. पण इजिप्तमध्ये ओसायरिस आणि इसिस हे देवदांपत्य बहीणभाऊच होते, त्यामुळे तिथे हे लग्न खपून गेले. मृत्यूनंतर आर्सिनोईला देवी ठरवून इजिप्शियन देवळांत तिच्या मूर्ती बसवल्या गेल्या. इ.स.पू. २६३ मध्ये द्राक्षमळे आणि फळबागांच्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा तिच्या पूजेसाठी लावून देण्यात आला. फायूमच्या अख्ख्या जिल्ह्याला तिचे नाव मिळाले. देवपण इतके रोकड उत्पन्न देणारे असू शकते, हे त्या दरबाराला चांगले उमगले होते.

दुसरी बेरेनिके सायरीनची राजकन्या. इ.स.पू. २४६ मध्ये तिचा नवरा तिसरा टॉलेमी सीरियाच्या स्वारीवर निघाला, तेव्हा तो सुखरूप परतावा म्हणून तिने केसांची बट वाहण्याचा नवस केला. तो परतल्यावर बट आर्सिनोईच्या देवळात ठेवली गेली आणि तिथून नाहीशी झाली. सामोसच्या कोनॉन या ज्योतिर्विदाने ती आकाशात तारे होऊन गेल्याचे जाहीर केले. कवी कॅलिमॅकसने त्यावर कविता रचली. चैत्र-वैशाखातल्या रात्री महाराष्ट्रातून डोक्यावर, सिंह आणि भूतप यांच्यामध्ये, हा फिकट पुंजका दिसतो. मराठीत त्याला ‘अरुंधती केश’ म्हणतात. नवसाचे केस इतके गाजले, पण बेरेनिकेच्या रथाच्या घोड्यांनी ग्रीसमधल्या नेमियाच्या शर्यती जिंकल्या होत्या, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. इ.स.पू. २२१ मध्ये नवरा वारल्यावर मुलाच्या दरबारातच तिचा खून झाला.

सातवी क्लिओपात्रा इ.स.पू. ५१ मध्ये अठरा वर्षांची असताना गादीवर आली. तिच्या घराण्यात इजिप्शियन भाषा शिकणारी ती पहिलीच, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. अडीचशे वर्षे राज्य करणाऱ्या घराण्याविषयी हे वाक्य बरेच काही सांगून जाते. तरीही कागदावर तिच्या जोडीला पुरुष लागेच. आधी तेरावा टॉलेमी हा दहा वर्षांचा भाऊ, तो नाईलमध्ये बुडाल्यावर दुसरा भाऊ, आणि तोही गेल्यावर सीझरपासून झालेला लहानगा सीझेरियन. अपोलोनियाचा ग्रीक करारातला कीरिओस जणू सिंहासनावरही येऊन बसला होता.

कारभार मात्र कोणाच्या हाती होता, हे बर्लिनच्या संग्रहालयातला एक पपायरस दाखवतो. इ.स.पू. ३३ चा हा हुकूम एका रोमन बड्या असामीला करमाफी देतो: दरवर्षी १०,००० आर्टाबा (धान्याचे इजिप्शियन माप) गहू बाहेर न्यावा, ५,००० घडे दारू आत आणावी, कर नको. मजकूर कारकुनाच्या हातचा आहे. खाली वेगळ्या अक्षरात एकच ग्रीक शब्द आहे: ‘गिनेस्थोई’, म्हणजे ‘तसे व्हावे’. हा शेरा खुद्द क्लिओपात्राच्या हातचा असल्याचे काही अभ्यासक मानतात. काम झाल्यावर तो कागद रद्दीत गेला आणि एका ममीच्या वेष्टनाचा लगदा करायला वापरला गेला. त्यामुळेच तो टिकला.