बाबांना सांगायचं का?

‘डॉक्टर, छातीत पाणी झालंय एवढंच बाबांना सांगा. कॅन्सरचं नाव काढू नका, ते खचतील.’ फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालं की रुग्णाला बाहेर बाकावर बसवून नातेवाईक हे सांगायला आत येतात. त्यामागे मायाच असते. पण परळला टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला कळायचं ते कळतंच. मग घरात दोघंही एकमेकांपासून लपवत राहतात आणि विचारायचे प्रश्न तसेच राहून जातात.

हे प्रश्न थेट उपचाराशी जोडलेले असतात. बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर या जनुकाची तपासणी होते. त्यात ठरावीक बदल आढळला, तर रोजच्या गोळीवर उपचार होऊ शकतात. असा बदल पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडच्या रुग्णांत अधिक आढळतो, विशेषतः कधीच धूम्रपान न केलेल्यांमध्ये. या गोळीने चेहऱ्यावर, छातीवर पुरळ येतं, जुलाब होतात. आधी कुणी सांगितलेलं नसेल तर ‘औषध उष्ण पडलं’ म्हणून घरचे गोळी परस्पर बंद करतात. पुरळाला इलाज आहे, हे दोन मिनिटांत सांगता येतं. ती दोन मिनिटं मिळायलाच हवीत.

बोलण्याने माणूस खरंच खचतो का? बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर नुकताच कळलेले 151 रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्याच उपचारांसोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या देखभालीची, टीम भेटत राहिली. त्रास काय होतोय, आजार कितपत समजलाय, पुढे काय हवंय, यावर ही टीम बोलायची. या दुसऱ्या गटात नैराश्याची लक्षणं 16 टक्के रुग्णांत दिसली, पहिल्या गटात 38 टक्के. उपचारांची आक्रमकता शेवटी कमी असूनही मध्यक आयुर्मान 11.6 महिने भरलं. पहिल्या गटात ते 8.9 होतं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, हा समज आपण सोडायला हवा.

सांभाळणाऱ्यांना तर कुणी काही शिकवतच नाही. दम लागला की घरातले घाबरून खिडक्या बंद करतात, भोवती गर्दी करतात. खरं तर रुग्णाला पुढे झुकवून, हात उशीवर टेकवून बसवावं आणि हातातला छोटा पंखा वीतभर अंतरावरून नाका-गालांवर धरावा. तिथल्या मज्जातंतूंना गार वारा लागला की दम लागल्याची जाणीव कमी होते. मॉर्फिनचं नाव ऐकून अनेक जण दचकतात, पण डॉक्टरांनी ठरवून दिलेली अल्प मात्रा ही तगमग शमवण्यासाठी वापरली जाते.

हे सगळं पहिल्याच दिवशी डोक्यात शिरत नाही. ते पुन्हा पुन्हा, आपल्या भाषेत सांगावं लागतं; बाबांनाही आणि रात्र-रात्र जागणाऱ्या आईलाही. रात्री दोन वाजता धाप वाढली तर फोन कुणाला करायचा, तो नंबर डिस्चार्जच्या कागदावर ठळक अक्षरांत असला पाहिजे.