पुण्याहून आलेली बाटली

आम्ही राहतो इंटरनॅशनल सिटीत. ज्यांनी ही वस्ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, दुबईच्या या भागात इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत. त्यामुळे फ्रान्समध्ये राहणारी माझ्यासारखी बाई पर्शियातून कोथिंबीर आणते, आणि मुलाची शिकवणी असते ती मोरोक्कोत! बाकी सगळं छान आहे, फक्त धूळ फार. शमाल वारा सुटला की खिडक्या बंद असूनही टीपॉयवर बोटानं नाव लिहिता येतं. शिवाय बाराही महिने दारं-खिडक्या लावून एसी चालू. अशा घरात गादीत आणि गालिच्यात धुळीतले बारीक किडे, डोळ्यांना न दिसणारे, सुखानं नांदतात. आमच्या धाकट्याचं नाक त्यांच्यामुळेच वाहत असावं असं डॉक्टरांचं मत पडलं. सकाळी उठला की ओळीनं दहा-बारा शिंका.

गेल्या मे महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्याला एक सिरप दिलं. रात्री झोपताना एक चमचा, दोन आठवडे. शिंका थांबल्या. मग काय! दिवाळीनंतर सासूबाई आल्या त्या चकलीची भाजणी, मेतकूट आणि त्याच सिरपच्या चार बाटल्या घेऊन. दोन आठवड्यांचं औषध आम्ही पाच महिने चालवलं. यात ना डॉक्टरांचा दोष, ना सासूबाईंचा. चमचा माझ्याच हातात होता.

डिसेंबरात तो रात्री किंचाळत उठू लागला. डोळे उघडे, पण आपल्याला ओळखत नाही. जवळ घ्यावं तर ढकलून देतो. दिवसाही चिडका झाला. एरवी इतका समजूतदार मुलगा, पण शाळेतून चिठ्ठी आली की वर्गात त्यानं दुसऱ्या मुलाला चावा घेतला. आम्ही कारणं शोधत बसलो. टीव्ही बंद केला. नवऱ्याची रात्रपाळी, माझी नवी नोकरी, सगळ्यांवर खापर फोडून झालं. सासूबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. एका संध्याकाळी पाच वर्षांचं ते पोर मला म्हणालं, "आई, मी वाईट मुलगा आहे का गं?" त्या रात्री मी झोपले नाही.

इथल्या क्लिनिकमधल्या मल्याळी डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, रोज काय औषध देता? मी म्हटलं, औषध काही नाही हो, फक्त अ‍ॅलर्जीचं सिरप. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, बाटलीचा फोटो दाखवा.

त्या एका बाटलीत दोन औषधं होती, लिव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट. आपल्याकडे ही जोडी सर्रास लिहून दिली जाते. त्यातलं मॉन्टेलुकास्ट मुळात दम्याचं औषध. अ‍ॅलर्जीत शरीर जी ल्युकोट्रिन नावाची द्रव्यं सोडतं, त्यांचं काम ते अडवतं. अमेरिकेत ते 1998 साली बाजारात आलं आणि पुढे साध्या नाकाच्या अ‍ॅलर्जीलाही वापरलं जाऊ लागलं. पण भयानक स्वप्नं, झोपेत चालणं, चिडचिड, मारकुटेपणा, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार अशा तक्रारी साचत गेल्या. शेवटी 4 मार्च 2020 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्यावर आपली सर्वांत कडक, चौकटीतली सूचना छापायला लावली आणि सांगितलं की नुसत्या नाकाच्या अ‍ॅलर्जीला, इतर औषधांनी भागत असेल तर, हे देऊ नये. काहींना हा त्रास औषध थांबवल्यावरही काही काळ राहतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पुष्कळ मुलं हे औषध घेतात आणि त्यांना काही होत नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी हा लेख वाचून उद्यापासून ते परस्पर बंद करू नये, दमा उसळला तर ते जास्त धोक्याचं.

बरं, जुनी औषधं तरी साधी होती का? आपल्या लहानपणी सर्दीवर मिळणारं आणि गुंगी आणणारं क्लोरफेनिरामाइन, किंवा विमानात मूल झोपावं म्हणून आया पाजतात ते प्रोमेथाझिन, ही मेंदूपर्यंत पोचतात, म्हणून तर झोप येते. तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, आणि गंमत म्हणजे काही मुलं झोपण्याऐवजी उलट थयथयाट करतात. प्रोमेथाझिननं तान्ह्यांचा श्वास मंदावू शकतो, म्हणून दोन वर्षांखालील मुलांना ते द्यायचंच नाही. भारतातही डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापायला सांगितलं. आता इतक्या बारीक अक्षरातलं ते कोण वाचतं, हा प्रश्न आहेच.

2025 साली छिंदवाड्यातली मुलं खोकल्याचं सिरप पिऊन दगावली, कित्येकांना नागपूरला आणलं होतं. ते वाचून आम्ही सगळेच हादरलो. पण ते प्रकरण सिरपमध्ये मिसळलेल्या विषारी द्रव्याचं. आमच्या बाटलीत काहीही भेसळ नव्हती. औषध शुद्ध होतं आणि लेबलवर लिहिलेलंच आत होतं.

डॉक्टरीणबाईंनी सिरप बंद करून नाकात मारायचा सौम्य स्टिरॉइडचा फवारा दिला. त्याचेही नियम आहेत, मुलाची उंची अधूनमधून मोजायची. गादीला अभ्रा, चादरी कढत पाण्यात, एसीचे फिल्टर साफ. (ते काढल्यावर आत जे दिसलं ते जेवणाआधी सांगण्यासारखं नाही.) तिसऱ्या आठवड्यात धाकटा सलग रात्रभर झोपला. हे सिरपमुळेच होतं का, असं मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, एका मुलावरून ठामपणे सांगता येत नाही, पण पुन्हा देऊन बघायची माझी तयारी नाही. माझीही नव्हती.

शाळेतल्या बाईंना मी सगळं लिहून कळवलं. त्यांनी तो चावलेला मुलगा आणि आमचा, दोघांना पुन्हा एका बाकावर बसवलंय.

मोठ्या जाऊबाईंना पुण्याला फोन केला, त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला तेच सिरप चालू आहे. त्या म्हणाल्या, "अगं, आमची तर छान झोपते." असेलही. मी एवढंच विचारलं, किती दिवस झाले देताय? पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "थांब हं, पावसाळ्यात सुरू केलं होतं..." शनिवारी त्या बाटली घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहेत.