भाग १४ : कॅरम बोर्ड वाकला, आता काय?

आजचा विषय रणगाड्याचा नाही, कॅरम बोर्डाचा आहे. पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न मला हमखास विचारतात : बोर्ड मधे बसलाय, नवा घ्यावा का? माझं उत्तर असतं, थांबा. आधी रेकी, मग कारवाई.

वाकण्याचं कारण आधी समजून घ्या. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. मे महिन्यात इथे जयपुरात लू चालते तेव्हा लाकडात पाच-सहा टक्केच पाणी उरतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तेच चौदा-पंधरा टक्क्यांवर जातं. पाणी प्यायलेलं लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून प्लायवूडमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे चिकटवतात, म्हणजे एकाची ओढ दुसरा रोखतो. पण आपल्या बोर्डाची गोम अशी, की वरची बाजू घासून, पॉलिश करून गुळगुळीत असते आणि खालची बहुतेक वेळा कोरी. कोरी बाजू भराभर ओलावा पिते, फुगते आणि बोर्डाचं पोट खाली जातं. उन्हाळ्यात उलटं. खालची बाजू आकसते आणि मधे उंचवटा येतो. जयपुरात त्यात कूलरची भर! भर मे महिन्यात बाहेर वाळवंट आणि खोलीत कोकण. कूलरच्या झोतात ठेवलेला बोर्ड एका मोसमात कामातून जातो.

आता तपासणी. बोर्ड ज्यावर ठेवलाय ते टेबल सपाट आहे का, हे पाणसळ लावून पाहा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. मग चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन दोरे फुलीसारखे ताणा. मधे दोन्ही एकमेकांना टेकले तर चौकट ठीक. फट पडली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं तर चौकटीला पीळ बसलाय. शेवटी एक काचेची गोटी बोर्डावर हलकेच सोडा. चहूबाजूंनी मध्याकडे धावली तर खड्डा, मध्यापासून पळाली तर उंचवटा. नियमाप्रमाणे खेळायची जागा ७४ सेंटीमीटर चौरस आणि प्लाय किमान ८ मिलिमीटर जाड लागतो. शिवाय १५ ग्रॅमचा स्ट्रायकर नेमक्या जोराने मारला तर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत किमान साडेतीन फेऱ्या झाल्या पाहिजेत. घरच्या बोर्डाला एवढी शिस्त नको, पण दोन फेऱ्यांत दम सुटत असेल तर लक्ष द्या.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतोय? आमच्या कॉलनीत एक निवृत्त शिक्षक आहेत, पंचाहत्तरीचे. पक्षाघाताच्या हलक्या झटक्यानंतर उजव्या हाताचा व्यायाम म्हणून रोज तासभर कॅरम खेळायचे. श्रावणात अचानक थांबले. विचारलं तर म्हणाले, "कर्नलसाहब, हाथ गया." प्रत्येक फटका डावीकडे जातो म्हणे. मी गोटी सोडली, ती सरळ डावीकडच्या खळग्यात जाऊन बसली. हात शाबूत होता. बोर्ड कूलरशेजारी भिंतीला टेकून ठेवलेला असायचा, त्याने डाव्या अंगाला पोट काढलं होतं. आता ते पुन्हा खेळतात आणि मला हरवतात.

त्या बोर्डाला आम्ही काय केलं? उन्हात नाही ठेवला. जयपूरच्या गच्चीवरचं ऊन डिंक सोडवतं, पापुद्रे सुटतात. वजनही ठेवलं नाही. ओलं लाकूड वजनाखाली सपाट होतं आणि वजन काढलं की परत वाकतं. बोर्ड पालथा घालून सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात, चार सारख्या ठोकळ्यांवर आडवा ठेवला. तीन आठवडे लागले. थोडा खड्डा उरला, तो सुताराने काढला. खालच्या आडव्या पट्टीचा स्क्रू ढिला करून पट्टी आणि प्लायच्या मधे सनमायकाची पातळ चीप सरकवली आणि स्क्रू परत आवळला. वरून रंधा मारायला कुणी आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. वरचा थर कागदाइतका पातळ असतो.

चौकटीला पीळ असेल तर मात्र कोपऱ्यांचे सांधे उघडून पुन्हा बसवावे लागतात, ते सुताराचंच काम. आणि बोटाने ठोकून पोकळ आवाज आला तर थर सुटले आहेत. तो प्लाय बदलायचा. चौकट शिसवीची किंवा बाभळीची असेल तर ती फेकू नका, नवा प्लाय त्याच चौकटीत बसतो.

बोर्ड सपाट आणि कोरडा झाला की लगेच खालच्या बाजूला व्हार्निशचे दोन हात द्या. पॉकेटच्या आतल्या कडा विसरू नका, तिथे थर उघडे असतात आणि पाणी सर्वात आधी तिथूनच शिरतं. जयपूर किंवा नागपूरला हे काम नोव्हेंबरात करा, कोकणात आणि मुंबईत जानेवारीत. ठेवताना आडवा ठेवा किंवा दोन खुंट्यांवर ताठ टांगा; तिरका टेकवू नका. पुसायला कोरडं फडकं. पावडर बोरिकचीच, तीही चिमूटभर.