रिव्हर्स गिअर नाही? इंजिनच उलटं फिरवा!

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या पंचक्रोशीतून ऊसतोडीचे ट्रॅक्टर कारखान्यांची वाट धरतात. चावी फिरवली, इंजिन सुरू! जुन्या ट्रॅक्टरांचं तसं नव्हतं. त्यांना जागं करणं हीच एक कला होती.

इंग्लंडच्या फील्ड मार्शल ट्रॅक्टरला चक्क काडतूस लावायचे. ते इंजिनात बसवून मागून हातोडीचा ठोका द्यायचा. स्फोटाच्या दाबानं सहा लिटरच्या इंजिनाचा एकुलता एक पिस्टन हलायचा.

पण खरा अवलिया म्हणजे जर्मनीचा लांझ बुलडॉग, जन्म १९२१. यालाही सिलिंडर एकच. आधी ब्लोलॅम्पनं इंजिनाचं डोकं तापवायचं. मग स्टिअरिंग दांड्यासकट उपसून फ्लायव्हीलच्या मधोमध खोचायचं आणि ते जड चाक मागं-पुढं झुलवत इंजिन पेटवायचं. पहिल्या मॉडेलला रिव्हर्स गिअरच नव्हता! मागं जायचं तर इंजिन बंद पडायच्या बेतात आणून नेमक्या क्षणी इंधन वाढवायचं. डोक्याकडे येणारा पिस्टन अर्ध्या वाटेतून माघारी फिरे आणि इंजिन उलटं चालू लागे. टू-स्ट्रोक असल्यानं त्याला दोन्ही दिशा सारख्याच. ड्रायव्हरचा कान मात्र तयार हवा.

१९४६ च्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये स्टार्टर गिअरच्या दांड्यातच होता. दांडा ‘एस’ वर नेला तरच इंजिन सुरू होई, त्यामुळे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर अंगावर यायची भीती नाही. किती साधा, किती शहाणा उपाय!

जॉन डिअरचे जुने दोन सिलिंडरवाले ट्रॅक्टर आवाजावरून ओळखू येत. दोन ठोके लागोपाठ, मग लांब खंड. पहिल्या ठोक्यानंतर अर्ध्या फेऱ्यात दुसरा, पुढचा थेट दीड फेऱ्यानंतर.

आपल्याकडचं विहिरीवरचं डिझेल इंजिनही असंच युक्तीनं जागं करायचं. खटका उचलून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, हँडल मारून फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. हवा दाबली जाऊन इतकी तापते की ठिणगीशिवाय डिझेल पेटतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा वाचतो.

आणि बीडसारख्या दुष्काळी मुलखात मनात भरावा असा आयशर! फरीदाबादला १९५९ पासून बनू लागलेल्या या ट्रॅक्टरचं इंजिन हवेवर थंड होई. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ कडा आणि त्यांवर वारा घालणारा पंखा. रेडिएटर नाही, म्हणजे भर उन्हाळ्यात इंजिनात ओतायला पाणीही नको.