निपाणीच्या आभाळाचा नकाशा

निपाणीच्या घरात विमानप्रवासाचा विषय निघाला की ‘कुठे जायचे’ याआधी ‘कुठून बसायचे’ हा प्रश्न येतो. उत्तरेस कोल्हापूरची उजळाईवाडी, दक्षिणेस बेळगावचे सांबरे. सरळ रेषेत पहिला विमानतळ सुमारे ३० किलोमीटर, दुसरा सुमारे ६५. एक महाराष्ट्रात, दुसरा कर्नाटकात. या तीन बिंदूंवर एक सुरेख नकाशा उभा राहू शकतो आणि तो घरोघरी काढून पाहावा, असे सुचवावेसे वाटते.

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशांत चार अंश लांबी-रुंदीच्या प्रत्येक भूभागाला एक क्रमांक असतो. त्याचे सोळा भाग पाडून प्रत्येकाला एक अक्षर दिलेले असते. निपाणी ‘४७ एल’ या पत्रकावर येते. कोल्हापूर आणि उजळाईवाडीही त्याच पत्रकावर! बेळगाव व सांबरे मात्र ‘४८ आय’वर. कारण सोळावे अक्षांशवृत्त संकेश्वर आणि काकती यांच्या दरम्यान महामार्ग ओलांडते. ही रेषा कोणा सरकारने आखलेली नव्हे, ती केवळ भूमितीची आहे. १९५६ साली ही दोन्ही गावे म्हैसूर राज्यात गेली; १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव म्हैसूरकडेच राहावे, असे सुचविले. भूमितीने मात्र त्यांना आधीच दोन वेगळ्या कागदांवर बसविले होते. योगायोगच म्हणावयाचा, पण नकाशा वाचणाऱ्याला असे योगायोग चुकवून चालत नाही.

आता सांबऱ्याकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने ही धावपट्टी बांधली. १९६१ च्या डिसेंबरात गोव्यावरील कारवाईसाठी येथूनही विमाने उडाली. त्याच वेळी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले गेले, इमारतीला मात्र धक्का लावायचा नाही अशी आज्ञा होती. तरीही त्या रात्री अर्धवट उखडलेल्या धावपट्टीवरून दोन पोर्तुगीज विमाने निसटलीच. नकाशावर ही कथा लिहायची तर सांबरे ते दाभोळी एक लहानशी तुटक रेघ पुरे. तिच्या शेजारी वर्ष लिहावे.

धावपट्टीवर रंगविलेल्या आकड्यांचेही लहान मुलांना कुतूहल असते. दिशेचे अंश दहाने भागले की तो आकडा मिळतो. सांबऱ्याच्या एका टोकाला ०८, दुसऱ्याला २६. म्हणजे पट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम. दोहोंतील फरक १८, म्हणजे १८० अंश. विमानतळाचे संक्षिप्त नाव मात्र ‘आयएक्सजी’. त्यात बेळगावचा ‘ब’ शोधू नये! ‘बीईएल’ ही अक्षरे ब्राझीलमधील बेलेम शहराने घेतली आहेत.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमानात ना रेडिओ, ना जमिनीवरून मार्गदर्शन. खालच्या नद्या आणि लोहमार्ग हाच वाटाड्या. मुंबई व बेल्लारी यांच्यावर पट्टी ठेवून पाहा, रेघ निपाणीच्या बरीच ईशान्येकडून जाते. म्हणजे त्या टपालाने आपले आभाळ ओलांडले नसावे. तरीही नकाशाच्या कडेला ती रेघ असू द्यावी.

मग घरची रेघ. मोठा मुलगा पुण्यास, लेक आखातात, नातू बंगळूरला. प्रत्येकाची वाट निपाणीपासून सुरू करावी, विमानतळापासून नव्हे. बसस्थानकावरचा तास, महामार्गावरचा तास, आणि मग आकाशातला. किलोमीटरऐवजी तासांचे प्रमाण धरल्यास नकाशाचा आकारच पालटतो. अर्धा प्रवास धावपट्टीपर्यंतच संपलेला दिसतो, आणि दूरचे एखादे शहर शेजारच्या तालुक्याच्या गावाहून जवळ येऊन बसते. मावशी, आत्या, मामा यांच्या वाटा निरनिराळ्या शाईने काढाव्यात. जे गेले आणि परतले नाहीत, त्यांची रेघ एकेरी ठेवावी. जे दर गणपतीला येतात, त्यांची दुहेरी. आमच्या परिचयाच्या एका घरात असा कागद देवघराशेजारच्या भिंतीवर लावला आहे. त्यावर एकेरी रेघा अधिक आहेत. घरातल्या आजी रोज त्या मोजतात.